आकाशगंगेच्या आत राहून तिचं फिरणं कसं मोजतात?

१९१२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात, लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीतल्या अंधुक ढगाचा वर्णपट, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत पसरवून काढलेला पट्टा, घेतला. हा ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच एक स्वतंत्र दीर्घिका आहे हे तेव्हा ठरायचं होतं. उजेड इतका कमी की एकेका छायाचित्रासाठी तासन् तास थांबावं लागे. उत्तर आलं ते चकित करणारं होतं: देवयानी सेकंदाला ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. तोवर आकाशातल्या कुठल्याच वस्तूचा एवढा वेग कुणी मोजलेला नव्हता.

आज आपल्याला ठाऊक आहे की त्या ३०० पैकी जवळजवळ १९० किलोमीटर देवयानीचे नाहीतच. ते आपले आहेत. सूर्य आकाशगंगेभोवती फिरताना सध्या साधारण त्याच बाजूला धावतो आहे, म्हणून देवयानी अंगावर येतेय असं दिसतं. आपली धाव वजा केली की दोन दीर्घिका एकमेकींकडे येण्याचा खरा वेग उरतो सेकंदाला ११० किलोमीटरच्या आसपास.

आकाशगंगेचं फिरणं मोजण्याची सगळी अडचण या एका वजाबाकीत आहे. आपण तिच्या बाहेर उभे नाही. आपण आत आहोत, आणि आतही स्थिर नाही. जे काही मोजतो ते दोन वेगांमधला फरक असतो. समोरच्या ताऱ्याचा वेग हवा तर आधी आपला कळला पाहिजे, आणि आपला कळायला कुणीतरी स्थिर सापडला पाहिजे. पूर्ण आकाशात असा स्थिर कोण? खगोलशास्त्रज्ञांची जवळजवळ शंभर वर्षं या प्रश्नामागे गेली आहेत.

आधी फिरणं म्हणजे कसलं फिरणं ते पाहू. ज्यांनी खळ्यावरची मळणी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. सारवलेल्या खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात बांधलेली. तिवड्यालगतचा बैल जागच्या जागी पाय टाकल्यासारखा चालतो आणि कडेच्या बैलाला झपझप चालावं लागतं, कारण सगळे एका दाव्यात आहेत. फेरी सगळ्यांची एकाच वेळी पूर्ण होते. गाडीचं चाक असंच फिरतं.

सूर्यमाला याच्या अगदी उलट. तिथे दावं नाही, फक्त सूर्याचं गुरुत्वाकर्षण आहे आणि ते दूर जाऊ तसं विरळ होत जातं. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, आणि नेपच्यून जेमतेम साडेपाच.

आकाशगंगा या दोन्हींसारखी नाही. केंद्राजवळचा थोडा भाग सोडला तर आतल्या, मधल्या, बाहेरच्या अशा सगळ्या वाटांवरचे तारे सेकंदाला जवळपास सारख्याच किलोमीटरने धावतात. आतल्याची वाट लहान, त्यामुळे त्याची फेरी लवकर संपते; बाहेरचा मागे पडत जातो. म्हणजे खळ्यातले बैल दाव्यातून सोडून दिले आणि प्रत्येकजण आपापल्या गोलात सारख्याच चालीने निघाला, असं काहीसं. हे ऐकायला साधं आहे, पण ते शोधून काढायला फार कष्ट पडले आणि त्यातून निघालेला प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याच्याकडे पुढे येईन.

आता त्या मोकळ्या बैलांपैकी मधल्या वाटेवरचा एक आपण आहोत असं धरा. आपल्याच वाटेवर पुढे असलेला ना जवळ येतो ना दूर जातो. आतल्या वाटेवर तिरका पुढे असलेला आपल्यापासून लांब जातो, कारण त्याचा गोल लहान, तो पुढे सटकतो. आतल्याच वाटेवर तिरका मागे असलेला जवळ येतो. बाहेरच्या वाटेवर उलट: तिरका पुढचा आपल्या टप्प्यात येत जातो, तिरका मागचा अधिकच मागे राहतो. म्हणजे सभोवार नजर फिरवली तर लांब जाणारे, जवळ येणारे, लांब जाणारे, जवळ येणारे अशा चार पाळ्या दिसल्या पाहिजेत.

स्वीडनच्या बर्टिल लिंडब्लाड यांनी आकाशगंगा अशी फिरत असावी असं गणिताने मांडलं, आणि १९२७ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनचे यान ऊर्ट यांनी ताऱ्यांच्या मोजलेल्या वेगांत नेमक्या याच चार पाळ्या दाखवून दिल्या. ऊर्ट तेव्हा २७ वर्षांचे होते. मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. केंद्र दिसत नाही, कडा दिसत नाही, हाताशी आहेत फक्त शेजारचे तारे. त्यांच्या पुढेमागे सरकण्यातून पूर्ण दीर्घिकेचं फिरणं ओळखायचं!

ताऱ्याचा आपल्या दिशेने येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग डॉप्लर परिणामातून कळतो. फलाटावर उभे असताना न थांबणारी गाडी भोंगा वाजवत जाते. येताना आवाज चढा, गेल्यावर एकदम उतरलेला. प्रकाशाचंही तसंच. येणाऱ्या ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, जाणाऱ्याच्या तांबड्या बाजूला. सरकणं किती, यावरून वेग.

पण ऊर्टच्या पद्धतीला दोन मर्यादा होत्या. एक, तिच्यातून आपला वेग आणि केंद्रापासूनचं अंतर यांचं गुणोत्तर मिळतं; दोन्ही वेगवेगळे मिळत नाहीत. दुसरी मर्यादा धुळीची. अंधाऱ्या रात्री गावाबाहेर जाऊन आकाशगंगेचा पट्टा नीट पाहिला तर त्याच्या मधून काळ्या भेगा गेलेल्या दिसतात. तिथे तारे नाहीत असं नव्हे. मध्ये धूळ आहे आणि ती दृश्य प्रकाश गिळते. केंद्र धनू राशीत आहे, पण साध्या दुर्बिणीने तिकडे कितीही पाहिलं तरी नजर वाटेतच अडते.

धूळ भेदून पाहण्याची वाट सापडली ती दुसऱ्या महायुद्धात. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४४ मध्ये, हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्याने ऊर्टच्या सांगण्यावरून हिशेब केला. हायड्रोजनचा अणू म्हणजे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही स्वतःची एक फिरकी असते. या फिरक्या एकाच दिशेच्या असल्या की अणूची ऊर्जा किंचित जास्त असते, विरुद्ध असल्या की किंचित कमी. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की तेवढा फरक रेडिओ लहरीच्या रूपाने बाहेर पडतो. लहरीची लांबी २१ सेंटीमीटर, वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्‌झ. एखाद्या अणूला एकटं सोडलं तर असं उलटायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षं लागतात. पण आकाशगंगेत हायड्रोजन एवढा आहे की कुठे ना कुठे कुणीतरी सतत उलटतच असतो. आणि २१ सेंटीमीटरच्या लहरीला धूळ अडवत नाही.

ही लहर प्रत्यक्ष पकडली गेली २५ मार्च १९५१ रोजी. हार्वर्ड विद्यापीठात हॅरॉल्ड युवेन आणि एडवर्ड पर्सेल यांनी प्लायवूडचा कर्णा करून त्याला आतून तांब्याचा पत्रा मढवला आणि तो प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर आकाशाकडे तोंड करून बसवला. पाऊस आला की पाणी कर्ण्यातून आत यायचं. सात आठवड्यांनी नेदरलँड्समध्येही ती लहर मिळाली. तिथे कोटवाईक इथे जर्मनांनी मागे सोडलेली साडेसात मीटरची रडारची तबकडी वापरली होती. विमानं हेरायला बनवलेली तबकडी आकाशगंगेच्या भुजा हेरू लागली.

आता या लहरीने फिरणं कसं मोजतात ते जरा सावकाश पाहू, कारण सगळ्या गोष्टीत मला सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग.

आपण केंद्राकडे न पाहता केंद्रापासून ३० अंश बाजूला, हंसाच्या दिशेला सरकून पाहतो आहोत असं समजा. नजरेची ही रेषा आकाशगंगेच्या आतल्या गोलांना छेदत जाते. आधी बाहेरचे गोल, मग आणखी आतले, आणि एका ठिकाणी ती एका गोलाला फक्त स्पर्श करून पुन्हा बाहेर पडू लागते. शाळेत शिकलेली स्पर्शिका ती हीच. स्पर्शबिंदूवरचा वायू नेमका आपल्या नजरेच्या रेषेतच धावतो, सरळ आपल्यापासून दूर. रेषेवरच्या बाकी सगळ्या ठिकाणी तो तिरका धावतो, म्हणून त्याच्या वेगाचा काही हिस्साच आपल्याला जाणवतो. त्यामुळे या दिशेने येणाऱ्या हायड्रोजनच्या संदेशात जो सर्वांत मोठा वेग दिसेल तो स्पर्शबिंदूवरचा.

वायू किती लांब आहे हे मोजावंच लागत नाही! कोन ३० अंश, ३० अंशाची ज्या (साइन) अर्धी, म्हणजे स्पर्श केलेल्या गोलाची त्रिज्या आपल्या त्रिज्येच्या बरोबर निम्मी. भूमितीने ते आयतं हातात दिलं. समजा, तिथला सर्वांत मोठा वेग सेकंदाला ११० किलोमीटर निघाला, म्हणजे १४२०.४ ऐवजी १४१९.९ मेगाहर्ट्‌झच्या आसपास लहर सापडली. पण आपणही धावतो आहोत. आपल्या वाटेवरचा वेग २३५ धरला तर त्यातला निम्मा, साधारण ११७, या दिशेला पडतो. तो मिळवला की वायूचा खरा वेग २२७. केंद्रापासून निम्म्या अंतरावरही वेग जवळजवळ तेवढाच. कोन बदलत जायचं आणि प्रत्येक गोलाचा वेग लिहीत जायचं. त्यातून जो आलेख तयार होतो तो आकाशगंगेच्या फिरण्याचा आलेख. केंद्राच्या दुसऱ्या बाजूला, नरतुरंगाकडे, सगळं उलट्या चिन्हाने दिसतं. तिथला वायू आपल्याकडे येत असतो. तो भाग नेदरलँड्समधून दिसत नाही, म्हणून सिडनीच्या शास्त्रज्ञांनी तो मोजला आणि १९५८ मध्ये दोन्हीकडची मोजमापं जोडून आकाशगंगेच्या हायड्रोजनचा नकाशा निघाला.

आज हा प्रयोग महाविद्यालयातले विद्यार्थीही करतात. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा कर्णा, ॲल्युमिनियमची फॉइल, संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ ग्राहक, आणि थोडी चिकाटी. आकाशगंगेचा पट्टा वर आला की पडद्यावर १४२० च्या आजूबाजूला उंचवटा दिसतो. तो उंचवटा किती रुंद आणि किती सरकलेला, यात आपली दीर्घिका फिरते आहे हे स्वतःच्या गच्चीवरून दिसतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा प्रयोग एकदा तरी करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

हायड्रोजनची हीच लहर जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीवरही टिपता येते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पोलादी तारांच्या जाळीच्या, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. आपल्या दीर्घिकेत सगळीकडे पसरलेला वायू पाहायला एकटी मोठी तबकडी जास्त सोयीची; जीएमआरटीचं बळ बारकाव्यात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिच्या साहाय्याने दूरच्या, लहानशा अंधुक दीर्घिकांमधला हायड्रोजन कसा फिरतो ते मोजलं आहे. दुसऱ्याची दीर्घिका बाहेरून दिसते. तिची एक बाजू जवळ येते, दुसरी लांब जाते, काम सरळ होतं. आपल्याच घराचा नकाशा घरात बसून काढणं अवघड.

स्पर्शिकेची युक्ती फक्त आपल्या वाटेच्या आतल्या बाजूला चालते. बाहेर पाहिलं तर नजरेची रेषा कुठल्याच गोलाला स्पर्श करत नाही. तिथे अंतर वेगळं मोजावंच लागतं. एक साधन म्हणजे सेफिड तारे. ते ठरावीक लयीत उजळतात-मंदावतात, आणि लय जितकी संथ तितका तारा मूळचा तेजस्वी, हा नियम हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये मांडला. लय मोजली की खरं तेज कळतं, दिसणारं तेज त्याच्याशी ताडलं की अंतर. दुसरं साधन म्हणजे पराशय. एक डोळा मिटून बोट पाहा, मग दुसरा मिटून. बोट सरकल्यासारखं दिसतं. पृथ्वी सूर्याच्या एका बाजूला असताना आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूला असताना ताराही तसाच किंचित सरकतो. हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेल्या दहा रेडिओ दुर्बिणींना एकच दुर्बीण मानून शास्त्रज्ञांनी नवजात ताऱ्यांभोवतीच्या मेसर नावाच्या रेडिओ ठिपक्यांची अशी अंतरं काढली. २०१७ मध्ये तर केंद्राच्या पलीकडचा, ६६ हजार प्रकाशवर्षांवरचा एक मेसर मोजला गेला. युरोपच्या गाया यानाने हेच काम दृश्य प्रकाशात केलं. १९ डिसेंबर २०१३ ला ते निघालं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून २०२५ च्या जानेवारीपर्यंत निरीक्षणं करत राहिलं, आणि पावणेदोनशे कोटींहून अधिक ताऱ्यांची यादी देऊन गेलं.

तरीही मूळ प्रश्न शिल्लकच राहिला. वरच्या हिशेबात मी आपला वेग २३५ धरून पुढे गेलो. तो आला कुठून?

१९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने सगळ्यांच्या सोयीसाठी २२० हा आकडा ठरवून दिला होता. पुढे कितीतरी शोधनिबंध त्याच्याच आधारावर लिहिले गेले. पण पक्का आकडा हवा तर स्थिर खुंटी हवी, आणि ती सापडली केंद्रातच. तिथे ४० लाखांहून अधिक सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे. त्याच्या रेडिओ स्रोताला सॅजिटेरियस ए-तारा म्हणतात. आजूबाजूच्या ताऱ्यांच्या धक्क्यांनी एवढी जड वस्तू हलत नाही. मागे क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं, आहेत. ते इतके लांब आहेत की त्यांची हालचाल जाणवतच नाही. या पार्श्वभूमीवर कृष्णविवर वर्षाला एका अंशाच्या ३६ लाखाव्या भागाच्या सहापट-साडेसहापट सरकताना दिसतं. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं सरकायला त्याला २ लाख ८० हजार वर्षं लागतील. तरी दहा दुर्बिणींच्या त्या साखळीला हे सरकणं महिन्याभरात टिपता येतं.

खरं तर सरकतो आहोत आपण. धावत्या एसटीच्या खिडकीतून डोंगर मागे जाताना दिसतो तसं ते आहे. आणि कृष्णविवर खरोखर स्थिर आहे याचा पुरावाही याच मोजमापात मिळाला: सूर्याची स्वतःची थोडी वरखाली हालचाल वजा केली तर आकाशगंगेच्या चपट्या तबकडीला काटकोनात कृष्णविवराचा वेग सेकंदाला किलोमीटरभरही भरत नाही.

डोंगर किती वेगाने मागे जातो यावरून एसटीचा वेग काढायचा तर डोंगर किती लांब आहे ते हवं. हे काम चिलीतल्या पारानालच्या चार मोठ्या दुर्बिणींनी एकत्र मिळून केलं. कृष्णविवराला १६ वर्षांत फेरी घालणाऱ्या एस-२ नावाच्या ताऱ्यावर त्या वर्षानुवर्षं नजर ठेवून होत्या. २०१९ मध्ये अंतर आलं सुमारे २६,७०० प्रकाशवर्षं. अंतर आणि सरकण्याचा कोन गुणला की सूर्याचा वेग: सेकंदाला २४७ किलोमीटरच्या जवळपास. मुंबई-पुणे पाऊण सेकंदाच्या आत.

यात एक बारकावा आहे. सूर्य आपल्या वाटेवरच्या सरासरी चालीपेक्षा सेकंदाला साधारण १२ किलोमीटर पुढे धावतो. ते वजा केले की २३५ उरतात. मेसरवरून काढलेला आकडा २३६ आहे, सेफिडवरून २३४ च्या जवळ, गायाने पाहिलेल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांवरून २२९. माणसं वेगळी, साधनं वेगळी, आकडे इतके जवळ. जुना २२० मागे पडला.

या वेगाने एक फेरी पूर्ण व्हायला २० ते २२ कोटी वर्षं लागतात. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा होऊन वाहत होता, त्याला सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली. तेव्हापासून आपली जेमतेम तृतीयांश फेरी झाली आहे. आश्विनात अंधार पडल्यावर डोक्याच्या जरा उत्तरेला हंस दिसतो; त्यातल्या ठळक ताऱ्याच्या आसपासची जागा म्हणजे आत्ता आपलं तोंड आहे ती दिशा.

आता मघाचा राहिलेला प्रश्न. एखाद्या वाटेवरचा वेग कळला की त्या वाटेच्या आत किती वजन आहे ते न्यूटनच्या नियमाने काढता येतं. वजन कमी असतं तर तारा केव्हाच निसटला असता. आपल्या वाटेच्या आत हिशेबाने साधारण १० हजार कोटी सूर्यांएवढं वजन लागतं. तारे, वायू, धूळ सगळं मोजून ते भरत नाही. आणि बाहेर जावं तशी तूट वाढते. दिसणारं सगळं आत दाटलेलं असेल तर बाहेरच्या ताऱ्यांचा वेग नेपच्यूनसारखा उतरायला हवा होता. तो दूरपर्यंत अगदी थोडासाच उतरतो. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानीत हेच पाहिलं, पुढे इतर अनेक दीर्घिकांतही ते दिसलं. न दिसणारं, पण ओढणारं काहीतरी आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलं आहे हे अजून कुणालाच कळलेलं नाही.

२०२३ मध्ये गायाच्या माहितीवरून काही शास्त्रज्ञांनी दाखवलं की केंद्रापासून ६० हजार प्रकाशवर्षांच्या पलीकडे वेग चांगलाच उतरतो, म्हणजे आकाशगंगा मानली जाते त्यापेक्षा बरीच हलकी असावी. बातम्या मोठ्या झाल्या. मी मात्र थांबायला तयार आहे. इतक्या बाहेर तारे विरळ, अंतरांतल्या चुका मोठ्या, आणि कडेचे तारे नीट गोल फिरतात हे गृहीतच डळमळीत. तिथे आकाशगंगेची तबकडी वाकलेली आहे.

शेवटी एका मोजमापाबद्दल सांगायलाच हवं. आतापर्यंत सांगितलेलं सगळं वेगाचं मोजमाप होतं. पण गोल फिरणारा क्षणोक्षणी वळतही असतो, आणि ते वळणं थेट पकडता येईल का? पावसात पळताना सरी तिरक्या, समोरून आल्यासारख्या वाटतात. पळण्याची दिशा बदलली की सरींचा कलही बदलतो. क्वेसारांचा प्रकाश म्हणजे असा पाऊस. सूर्याची दिशा हळूहळू केंद्राकडे वळत असेल तर आकाशभरचे क्वेसार केंद्राच्या बाजूला अगदी किंचित सरकताना दिसले पाहिजेत. गायाने दहा लाखांहून जास्त क्वेसारांच्या जागा वर्षानुवर्षं नोंदल्या आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये ते सरकणं जाहीर झालं. त्यावरून निघालं ते असं: सूर्य, आणि त्याच्याबरोबर आपण सगळे, एका वर्षात जवळपास ७८० कोटी किलोमीटर धावतो, आणि तेवढ्या धावेत सरळ रेषेपासून केंद्राकडे वळतो सुमारे ११५ किलोमीटर.